दादरचा ‘पर्पज अँड नीड’ वर्ग: चार शनिवार, साडेसहा हजार रुपये

मार्चमध्ये आमच्या ऑफिसचा एक अहवाल अमेरिकेतल्या क्लायंटकडून तिसऱ्यांदा परत आला. कॉमेंट पहिल्याच पानावर होती, मी लिहिलेल्या वाक्यापुढे. वाक्य होतं, ‘सध्याचा दोनपदरी रस्ता चौपदरी करणे हा या प्रकल्पाचा उद्देश आहे.’ तपासणाऱ्याने समोर लिहिलं होतं, हा तर तुम्ही आधीच निवडलेला पर्याय झाला, उद्देश कुठे आहे? मी सिव्हिल इंजिनिअर. विक्रोळीत डिझाइन ऑफिसात चौदा वर्षं झाली, त्यातली बारा ड्रॉइंग आणि क्वांटिटी (कामाला किती माल लागेल त्याचा हिशेब) काढण्यात गेली. अहवाल कसा लिहायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याने अहवालातला ‘पर्पज अँड नीड’, म्हणजे प्रकल्पाचा उद्देश आणि गरज, हा भाग लिहायला शिकवणाऱ्या या वर्गाबद्दल सांगितलं आणि मी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. वर्ग संपून दोन महिने झाले. मधल्या काळात माझ्या हातून दोन अहवाल गेले, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

वर्ग दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो. शनिवारी दहा ते दोन. शिकवणारे सर सत्तरीचे आहेत, सगळी हयात रस्त्यांच्या कामांत गेलेली. आम्ही अकरा जण होतो. बहुतेक माझ्यासारखे परदेशी कामं करणाऱ्या ऑफिसांतले, दोघं इथल्या रस्त्यांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणारे, आणि पवईची एक मुलगी नुकतीच एम.टेक. झालेली.

पहिल्या दिवशी अर्धा तास पार्श्वभूमी झाली. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १९६९चा, त्यावर सही झाली १ जानेवारी १९७०ला. तिथल्या केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारा मोठा रस्ता असेल तर त्याचे पर्याय तपासावेच लागतात, आणि कोणता पर्याय यादीत राहील, कोणता गळेल, हे ठरतं ‘पर्पज अँड नीड’च्या त्या दोन-चार पानांवर. तिथल्या महामार्ग प्रशासनाने १९८७ साली काढलेल्या सूचनेत गरज कशातून उभी राहू शकते ते दिलं आहे: रस्त्यांच्या जाळ्यातली तुटलेली कडी, अपुरी क्षमता, वाढती वाहतूक, अपघात, रस्त्याची बिघडलेली अवस्था, बंदर-विमानतळ-रेल्वेशी जोडणी, वगैरे. आमच्या ऑफिसात हीच यादी टेम्प्लेट म्हणून वापरतात, प्रत्येक मथळ्याखाली एक परिच्छेद. सरांनी यादी वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘तुमच्या रस्त्याला यातलं जे खरोखर लागू आहे तेवढंच लिहा. तीन असतील तर तीन.’ मी आजवर सगळे मथळे भरत आले होते.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच हा वर्ग करावा असं मला वाटतं. आधी गरज मराठीत लिहायची. इंग्रजी नंतर. का, ते दहा मिनिटांत कळलं. ‘एन्हान्स मोबिलिटी’, ‘इम्प्रूव्ह कनेक्टिव्हिटी’ हे शब्द इंग्रजीत हात न थांबता लिहिले जातात. मराठीत पेन अडतं. कुणाला जाता येत नाही, कुठून कुठे, कधी, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीतही ‘वाहतूक सुरळीत करणे’ हा पळवाटेचा शब्द आहेच, तो त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केला. एकाने तरी लिहिला, तर म्हणाले, ‘सुरळीत म्हणजे नक्की काय व्हायला हवं, ते लिहा.’

दुसऱ्या शनिवारी माझं परत आलेलं वाक्य फळ्यावर गेलं. मीच दिलं होतं. रस्ता तिथल्या शेतीच्या भागातला, दोनपदरी, दोन्ही बाजूंना घरांचे आणि शेतांचे फाटे. सरांनी अपघातांचा तक्ता मागितला. तो माझ्याकडे होता, परिशिष्टात पडून होता. त्यांनी मला एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. पाचव्या-सहाव्या ओळीला मलाच दिसायला लागलं: बहुतेक धडका मागून बसलेल्या. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणं म्हणजे आपल्याकडचं उजवीकडे वळणं, समोरची वाहतूक ओलांडून. वळणारी गाडी समोरची रांग संपेपर्यंत आपल्याच लेनमध्ये उभी राहते आणि मागून वेगात येणारी तिच्यावर आदळते.

‘मग आता चौपदरी केला तर ही गाडी कुठे उभी राहील?’ सरांनी विचारलं.

आतल्या लेनमध्ये. म्हणजे तशीच, वाहत्या लेनमध्ये. मी ज्या उपायाला उद्देश म्हणून लिहिलं होतं, त्याने माझ्या स्वतःच्या तक्त्यातला मुख्य अपघात थांबलाच नसता. हे मी खुर्चीत बसून फळ्याकडे बघत होते तेव्हा कळलं आणि खरं सांगते, घशाशी आलं. त्या रस्त्यावर माणसं जखमी झालेली होती. मी त्यांची एक्सेल शीट बनवली होती.

नवीन वाक्य आम्ही मिळून लिहिलं. गरज: वळण्यासाठी थांबलेल्या गाड्यांना वाहत्या लेनबाहेर जागा नाही, त्यामुळे मागून धडका बसतात. उद्देश: या धडका कमी करणे. एवढं लिहिल्यावर पर्याय आपोआप उघडले. फाट्यांवर वळणाची वेगळी लेन, मधोमध दोन्ही दिशांसाठी वळणाची सामाईक लेन, मोठ्या चौकात गोल चक्कर, जवळजवळचे फाटे एकत्र करणं, आणि हो, मध्ये दुभाजक घालून चौपदरीही. सरांनी जाता जाता सांगितलं की चार लेनचा रस्ता तीन लेनचा करून मधली लेन वळणाला दिली तर एकूण अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटल्याचं तिथलं महामार्ग प्रशासनच सांगतं. लेन कमी करून! बारा वर्षं क्वांटिटी काढलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला.

उद्देश फार आवळला की काय होतं, हे त्यांनी इलिनॉयमधल्या मॅरियन गावाच्या खटल्यावरून शिकवलं. रस्त्याचा नाही, धरणाचा. गावाला पाणी हवं होतं, शेजारच्या जल-मंडळालाही हवं होतं, आणि दोघांना एकाच नव्या तलावातून पाणी द्यायचं असं धरूनच पर्याय तपासले गेले. १९९७ साली अपील न्यायालयाने विचारलं, दोघांना दोन वेगळ्या ठिकाणांहून पाणी देता येईल का, हे पाहिलंच का नाही? सगळा अभ्यास त्या एका गृहीतावर अडकला. इतकं साधं उदाहरण आहे की मी घरी सासूबाईंना सांगितलं आणि त्यांना पटकन समजलं: ‘दोन घरांना एकच टाकी कशाला, असंच ना?’ तेच.

तिसरा शनिवार रस्त्यावर होता. सकाळी आठला दादर स्टेशनच्या पश्चिमेला, केशवसुत पुलाखाली, फुलबाजाराच्या कडेला आम्हाला उभं केलं. काम एकच: पादचारी मोजा आणि गरज लिहा. मी वहीत पाच-पाचच्या काड्या मारत पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे काढले, नेहमीच्या पद्धतीने, आणि सरासरी लिहिली. सर बाजूला येऊन म्हणाले, ‘आता दर मिनिटाला नवी ओळ घे.’ घेतली. तेव्हा दिसलं की माणसं सारखी येतच नाहीत. लोकल लागली की स्टेशनच्या पादचारी पुलाच्या जिन्यावरून लोंढा उतरतो, दोन-तीन मिनिटं फुटपाथ पुरत नाही, फुलांच्या टोपल्यांच्या बाहेरून माणसं थेट टॅक्सींच्या वाटेत चालतात, आणि मग रस्ता पुन्हा मोकळा. पंधरा मिनिटांच्या सरासरीत तो लोंढा विरघळून गेला होता. सरासरीप्रमाणे फुटपाथ पुरेसा होता! डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेली एक बाई त्या लोंढ्यात कडेला दाबली गेली आणि टॅक्सीच्या बॉनेटला हात टेकून उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पहिल्या तक्त्यात ती कुठेच नव्हती.

प्रकल्पाची दोन टोकं कुठे असावीत, यासाठी सरांनी अंधेरीचा गोखले पूल घेतला. आमच्यातला प्रत्येक जण त्याच्यामुळे कधी ना कधी तासभर अडकलेला. जुलै २०१८ मध्ये पुलाचा भाग रुळांवर पडला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. तेव्हा जुहूकडून येणारा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत फरक होता, आणि बर्फीवालाचा भाग उचलून तो जोडायला पुढचे महिने गेले. सरांनी कुणाला दोष दिला नाही. फक्त विचारलं, या कामाची गरज लिहायला बसलात तर तुमचं वाक्य रुळांच्या दोन बाजूंवर थांबेल की जुहूकडून येणाऱ्या माणसापर्यंत जाईल? त्यावर वर्गात तासभर वाद झाला. डीपीआरवाले दोघं हिरिरीने बोलले, आणि मला त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

आता उणिवा. कायद्याचा भाग चौथ्या दिवशी उरकल्यासारखा झाला. त्या अमेरिकी पर्यावरण कायद्याखालचे १९७८चे मूळ नियम नीट शिकवले, पण २०२० नंतर त्यात बरेच बदल झाले आणि २०२५ मध्ये ते नियमच मागे घेतले गेले, यावर जेमतेम पंधरा मिनिटं. अमेरिकी कामं करणाऱ्याला नेमकं हेच आज लागतं. दिलेले नमुना अहवालही जुने, झेरॉक्सची झेरॉक्स, नकाशांवरचे आकडे वाचता येत नाहीत. भारतीय बाजूवर आणखी वेळ द्यायला हवा होता. आपल्या १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण अधिसूचनेतल्या अहवालाच्या साच्यातही ‘प्रकल्पाची गरज’ आणि ‘पर्यायांचं विश्लेषण’ आहे, हे सरांनी दाखवलं तेव्हा डीपीआरवाले सरसावून बसले, पण तेवढ्यात दोन वाजले. रेकॉर्डिंग देत नाहीत. खोलीत दोनच पंखे आहेत आणि मे महिन्यात ते पुरत नाहीत.

तरी साडेसहा हजार मला जास्त वाटले नाहीत. वर्गानंतरचा माझा पहिला अहवाल एकाच फेरीत पास झाला, उद्देशाच्या वाक्यावर एकही कॉमेंट नाही. तो शेतीच्या भागातला रस्ताही आता मधल्या वळणाच्या लेनसकट पुढे गेला आहे, चौपदरीकरण हा पर्यायांतला फक्त एक म्हणून. फक्त टेम्प्लेट हवं असेल तर जाऊ नका, ते इथे मिळत नाही. अहवाल तपासणारे, टीम लीडर, यांनी मात्र जरूर जावं, कारण चुकीचं वाक्य बऱ्याचदा वरूनच लिहून आलेलं असतं आणि खालच्याला ते बदलायची सोय नसते. माझ्या लीडना मी पुढच्या बॅचला पाठवते आहे, त्यांनी हो म्हटलं आहे.

जाणाऱ्यांसाठी: आपल्या चालू कामाचा अपघातांचा तक्ता छापून न्या, फोनवर चालत नाही. तिसऱ्या शनिवारी बूट घाला, फुलबाजारात पाणी आणि देठ साचलेले असतात. आणि आठच्या आत पोचा, त्यानंतर उभं राहायला जागा मिळत नाही.