माइल्ड जलापेनो सॉस: तिखट कमी चालते, पण एवढं आंबट काहून?

मागच्या महिन्यात नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटमधून हिरव्या जलापेनो मिरचीच्या सॉसची बाटली आणली, 200 ग्रॅम, 190 रुपये, वर मोठ्या अक्षरात 'माइल्ड'. घरी सगळे म्हणे झणझणीत सावजी खाणाऱ्या घरात माइल्ड सॉस कोणासाठी, तर आजीसाठी. आजी भिवापूरकडची, तिथल्या मिरचीला आता जीआय टॅग (त्याच भागाची म्हणून सरकारी ओळख) आहे, आजी पोरवयात त्याच मिरचीच्या तोड्याला जायची. आता मात्र वर्षभरापासून तिला तिखट सोसतच नाही, जिभेची आग होते, ताटात नुसता वरण-भात. मला ते पाहवत नाही, म्हणून तिखट नसलेली पण मिरचीची चव असलेली काही वस्तू शोधून राहिलो होतो.

मूळ जलापेनो मेक्सिकोची, व्हेराक्रूझ राज्यातल्या हालापा (Jalapa) शहरावरून नाव पडलं. तिखटपणा 2,500 ते 8,000 स्कोव्हिल (तिखट मोजायचं माप), म्हणजे ढोबळ्या मिरचीच्या बराच वर पण आपल्या ठेच्याच्या मिरचीपुढं गरीबच. आणि तिखट बियांमध्ये नसते बरं, बिया ज्या पांढऱ्या गरावर चिकटून असतात त्या गरात असते, तो काढला की तिखट उतरते आणि सालीचा हिरवा वास राहतो. माइल्ड सॉसकडून माझी अपेक्षा एवढीच, तो वास पाहिजे.

चमच्यात ओतून पाह्यला. रंग शेवाळी, जरा पिवळसर, हे मला आवडलं, कारण आंबटात मुरलेली हिरवी मिरची अशीच दिसते, पोपटी चकचकीत असता तर मी रंग टाकला म्हणून समजलो असतो. घट्टपणा ठीक, बारीक साल दाताखाली येते. वास घेतला तर आधी व्हिनेगर, असं व्हिनेगर की नाकात झिणझिण्या, मग कुठं मागून मिरची. लेबल वाचलं तेव्हा कळलं, पहिलं पाणी, दुसरं व्हिनेगर, तिसऱ्या नंबरवर जलापेनो. जे जास्त वजनाचं ते आधी लिहावं लागते, म्हणजे मिरचीच्या सॉसमध्ये मिरचीपेक्षा व्हिनेगर जास्त. इथं मला राग आला, 190 रुपये मी मिरचीसाठी दिले होते.

तर्री पोह्यावर टाकू नका, पत्ताच लागत नाही. आलूबोंड्यासोबत बरा. उकडलेल्या अंड्यावर मात्र मस्त, पिवळ्या बलकानं आंबटपणा दबतो आणि मिरची वर येते. तेच पाहून मी घट्ट दही फेटलं, दोन चमचे दह्यात एक चमचा सॉस, चिमूटभर मीठ, आणि आईनं केलेल्या गरम सांभारवडीसोबत (सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर) आजीपुढं ठेवलं. आजीनं आधी बोटाला लावून हुंगलं, मग वडीचा कोपरा बुडवून हळूच चावला, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होतो. दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणे, "आग नाई होऊन राह्यली रे. मिरची हाय याच्यात." दुसरी वडी तिनं स्वतः उचलली. नंतर तिला सॉस नुसता चाखायला दिला तर तोंड वाकडं केलं, "काहून एवढं आंबट केलं बाप्पा, मिरची तर चांगली होती."

माझंही मत तेच आहे. तिखट कमी हा दोष नाहीच, माइल्ड लिहून माइल्डच दिला, प्रामाणिक काम आहे, चूक व्हिनेगरची आहे. पाचपैकी तीन देतो, नुसता खाणार असाल तर दोनच. उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा, माझी आठवडाभर ओट्यावर राहिली आणि वरचा थर तपकिरी पडून वास उतरला. पुढच्या वेळी जिथं जलापेनो पहिल्या नंबरवर लिहिली असेल अशीच बाटली आणणार, महाग पडली तरी चालेल. तोवर आजीचं दही रोज सकाळी लागून राहिलं आहे.