जुने सामने पूर्ण दाखवणारी सेवा : सिटीचे 2012 चे शेवटचे सहा सामने बघून दिलेला अभिप्राय

मी मँचेस्टर युनायटेडचा चाहता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुने सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवणारी ही सेवा मी पारखली ती आमच्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या प्रीमियर लीग फुटबॉल सामन्यांवर. 13 मे 2012 ला, लीगच्या शेवटच्या दिवशी, मी युनायटेडचा संडरलँडमधला सामना लावून बसलो होतो. त्या दिवशी सिटीच्या एतिहाद मैदानावर काय चाललं होतं ते मी फक्त स्कोअरच्या पट्टीवर वाचलं. नंतर सिटीला विजेतेपद देणाऱ्या अग्वेरोच्या गोलची क्लिप शेकडो वेळा डोळ्यांसमोरून गेली, पण सामना कधी पाहिला नाही. मन धजावलंच नाही.

माझा चौदा वर्षांचा पुतण्या सिटीचा. त्याचा त्यानंतर जन्म. त्याला 93:20 हा आकडा, म्हणजे त्या गोलची वेळ, पाठ आहे, त्याआधीची त्र्याण्णव मिनिटं माहीत नाहीत. म्हणून महिन्याचं सदस्यत्व घेतलं आणि दोघांनी मिळून ओळीने बघायला घेतले.

सुरुवात 8 एप्रिलच्या आर्सेनल सामन्यापासून केली, आणि तीच करा. 87व्या मिनिटाला आर्तेताचा गोल, मग बालोटेल्लीला लाल कार्ड, सिटी 0-1 ने हरली. युनायटेड 8 गुणांनी पुढे, सामने उरले 6. तो पराभव पाहिल्याशिवाय पुढच्या सहा सामन्यांचं वजन कळत नाही. 11 एप्रिलला सिटीने वेस्ट ब्रॉमला 4-0 हरवलं आणि त्याच रात्री आम्ही विगनमध्ये 0-1 हरलो. मग नॉर्विचमध्ये 6-1. त्यात तेवेझची हॅटट्रिक, तोच तेवेझ जो कित्येक महिने संघाबाहेर होता आणि मार्चमध्येच परतला होता. हायलाइट्समध्ये फक्त त्याचे गोल दिसतात. पूर्ण सामन्यात दिसतं ते त्याचं खाली येऊन चेंडू घेणं आणि त्यामुळे अग्वेरोला समोर मोकळी मिळणारी जागा. ही एक गोष्ट बघायला मिळाली तरी माझे पैसे वसूल झाले.

22 एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध आम्ही 4-2 ने पुढे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत 4-4 झालं. तो सामना मी पुन्हा लावला नाही, क्षमा असावी. मात्र त्याच दिवशीचा सिटीचा वुल्व्ह्जविरुद्धचा सामना इथे पूर्ण नाही, नुसती दहा मिनिटांची झलक आहे, आणि यादीत तसं कुठेही लिहिलेलं नाही. पूर्ण सामन्यांच्या नावाने पैसे घ्यायचे तर हे आधी सांगायला हवं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. यादीत सामन्याच्या नावापुढेच निकाल छापलेला असतो. पुतण्यासाठी तो मी हाताने झाकत होतो! निकाल लपवायची सोय नाही. जुने सामने बघणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत असतो, असं बनवणाऱ्यांनी धरून चालू नये. 30 एप्रिलला काँपनीने हेडर मारला आणि आम्ही 1-0 ने हरलो, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. सिल्वाच्या कॉर्नरवर काँपनी उंच उडाला तेव्हा पोरगा सोफ्यावरून उठून उभा राहिला. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, सिटी गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल) वर गेली. मग न्यूकॅसलमध्ये याया तुरेचे दोन गोल.

चित्र ठीकठाक. मोठ्या टीव्हीवर थोडं पसरट दिसतं, पण नंबर वाचता येतात. आवाजासाठी मात्र पैकीच्या पैकी, कारण समालोचन बंद करून फक्त मैदानाचा आवाज ऐकता येतो.

क्यूपीआर म्हणजे क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्धचा शेवटचा सामना आम्ही तसाच पाहिला. सिटीच्या झाबालेटाच्या गोलवर गर्जना, क्यूपीआरच्या सिसेच्या बरोबरीवर कुजबुज. बार्टनला लाल कार्ड मिळाल्यावर पुन्हा उसळलेला आवाज. आणि 66व्या मिनिटाला मॅकीचा गोल झाल्यावर घरच्या स्टँडमध्ये पडलेली ती पोकळी. दहा जणांचा क्यूपीआर 2-1 ने पुढे. त्यानंतरची पंचवीस मिनिटं कुठल्याही क्लिपमध्ये नसतात. कॉर्नरमागून कॉर्नर, शॉटमागून शॉट, आणि दरवेळी गोलकीपर केनी किंवा कुणाचा तरी पाय आडवा. पुतण्याला शेवट माहीत होता, तरी ऐंशीव्या मिनिटाला त्याने विचारलं, "काका, नक्की जिंकतात ना?" मी उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही खात्री वाटत नव्हती.

मग बदली आलेल्या जेकोचा हेडर, 2-2. लगेच क्यूपीआरने चेंडू थेट बाहेर मारला. दे योंग चेंडू घेऊन पुढे आला, अग्वेरोकडे दिला, त्याने बालोटेल्लीकडे. बालोटेल्ली पडला, आणि पडल्या पडल्या पायाच्या टोकाने त्याने चेंडू पुढे सरकवला. अग्वेरो लगेच मारत नाही. आधी एक स्पर्श घेतो, अंगावर आलेल्या बचावपटूला चुकवतो, मग मारतो. इथे मागेपुढे करून थांबवता येतं, फ्रेम स्वच्छ राहते. आम्ही तो एक स्पर्श चार वेळा पाहिला. 89-89 गुण, गोलफरक 64 विरुद्ध 56, सिटीला 44 वर्षांनी विजेतेपद.

पाचपैकी चार तारे देतो. यादीतले निकाल झाकले तर पाच देईन.

सामना संपल्यावर पुतण्या म्हणाला, "आता तुझा लावूया." संडरलँडचा सामना यादीत आहे, पूर्ण आहे. रूनीचा गोल आला, आम्ही 1-0 ने जिंकलो, शिट्टी वाजली, आणि खेळाडू मैदानावरच थांबून दुसरीकडच्या बातमीची वाट बघत राहिले. पोरगा काही बोलला नाही. रिमोट माझ्याकडे सरकवला आणि जवळ येऊन बसला.