9 भोकांची 71 भोके झाली : भुंग्यांच्या नावाखाली 54,189 रुपयांची फसवणूक

लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचा बंदोबस्त करून देतो असे सांगून 14 मार्च रोजी दोन माणसांनी माझ्याकडून एकूण 54,189 रुपये नेले. हे लिहायला बसायला मला दोन महिने लागले. लेखा विभागात 31 वर्षे नोकरी करून दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात, डोळ्यांदेखत एवढा उघड हिशेब चुकू द्यावा, याची लाज अजून गेलेली नाही. तरीही लिहीत आहे, कारण मागच्या आठवड्यात त्याच माणसांनी दिलेले वॉरंटी कार्ड आमच्याच गल्लीतील आणखी एका घरात निघाले.

नागपुरातील महाल भागातले आमचे घर वडिलांच्या वेळचे आहे. खांब आणि तुळया सागाच्या आहेत, पण 2009 मध्ये माडीच्या सज्जाची दुरुस्ती केली तेव्हा खर्च वाचावा म्हणून देवदाराचे वासे घातले आणि खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, रंग द्यायचे राहून गेले. यंदा होळीच्या सुमारास त्या वाशांभोवती मोठे काळे भुंगे घोंघावू लागले. वाशाच्या खालच्या अंगाला बोट जाईल एवढी गोल भोके, त्यांच्या बरोबर खाली फरशीवर भुसा आणि भिंतीवर पिवळसर डाग, असे दिसू लागले. 13 मार्चच्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन ती भोके मोजली. नऊ होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली मी पेन्सिलीने ‘भोके 9’ असे लिहूनही ठेवले.

माझी आई 81 वर्षांची आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे. एक भुंगा तिच्या चेहऱ्यासमोर हवेत स्थिर उभा राही, त्यामुळे ती सज्जात वाळवण घालायला जाईना; कुरडया आणि सरगुंडे पाटीतच राहिले. तोंडासमोर येऊन असा उभा राहणारा भुंगा बहुधा नर असतो आणि नराला नांगी नसते. मादीला नांगी असते, पण हातात धरल्याशिवाय किंवा फार डिवचल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. हे तेव्हा मला माहीत असते तर वर्तमानपत्रातून आलेल्या त्या पत्रकावरच्या क्रमांकावर मी फोनच केला नसता. पत्रकावर ‘शासनमान्य परवानाधारक’ असे छापले होते, आणि छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवण्याची आमच्या पिढीची सवय आहे. पाहणीचे 499 रुपये आधी ऑनलाइन मागितले, तेही मी दिले.

आलेल्या माणसाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वासे ठोकले, कान लावला आणि तोंड पाडून म्हणाला, “ताई, हे घर आतून पोकळ होऊन राहिलं आहे. यांची राणी आत बसली आहे, एकेका भोकात पाचशे पिल्लं असतात. पावसाळ्यात सज्जा खाली आला आणि आजी त्याखाली असल्या तर?” आईचे नाव घेतल्यावर मी पुढचे काही विचारले नाही. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कमळात अडकतो हा दृष्टान्त लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळे भुंगा लाकूड पोखरतो यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. मात्र तो लाकूड खात नाही. लाकूड खाते ती उधई, म्हणजे वाळवी, आणि ती मातीच्या नळ्या करत येते. या भुंग्यांचे पोळे नसते, पोळ्यातली राणीही नसते. एक मादी गोल भोक पाडून आत शिरते, लाकडाच्या रेषेने वळते, परागकण आणि मध यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते आणि भुशाची भिंत घालून पुढचा कप्पा करते. एका बिळात असे मोजकेच कप्पे असतात. पाचशे पिल्ले हा आकडा ज्याच्या तोंडून येईल त्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढावे. नुकसान होत नाही असे नव्हे. जुनीच बिळे पुढच्या वर्षी पुन्हा वापरली आणि वाढवली जातात, म्हणून दुर्लक्ष करू नये. पण नऊ भोकांनी घर पडत नाही.

दर ठरला प्रत्येक ‘पॉइंट’मागे 650 रुपये. नऊ पॉइंटचे 5,850 होतील, असा हिशेब मी मनात केला आणि होकार दिला. गुडघ्यातला पू काढतो म्हणून थेंबामागे पैसे लावणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. हा तोच प्रकार, हे वाचकांना एव्हाना कळले असेल. नगामागे दर ठरवून नग मोजण्याचे काम समोरच्याच्या हाती देऊ नये. एकूण रक्कम कागदावर लिहून घेतल्याशिवाय जिन्यावर पाऊल ठेवू देऊ नये.

आता त्या घडीबद्दल लिहिते, जी आठवली की अजून झोप उडते. दुपारी एकच्या सुमारास मी चहा घेऊन माडीवर गेले. तोपर्यंत मला वर येऊ दिले नव्हते. औषध विषारी आहे, आजींना खालीच ठेवा, असे सांगितले होते. त्या माणसाचा सोबती ड्रिल मशीन धरून उभा होता. मी विचारले तेव्हा ‘नळी जायला भोक साफ करतो’ असे उत्तर मिळाले. प्रत्येक भोकाशेजारी खडूने आकडा टाकला होता आणि शेवटचा आकडा होता 38. फरशीवर ताज्या लाकडाच्या पिवळ्याधमक, कुरळ्या साली पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्याच फरशीवरचा भुसा मी पाहिला होता, तो बारीक आणि रवाळ होता. भोकांच्या कडा धारदार, सगळी एका मापाची, एका ओळीत, सारख्या अंतरावर होती, आणि खालच्या भिंतीवर त्यांचा एकही डाग नव्हता. हे सगळे मी पाहिले. पाहून झाडू आणला आणि त्या साली माझ्याच हाताने गोळा करून फेकल्या. खाली स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर माझ्याच अक्षरात नऊचा आकडा होता, आणि मी तो पाहायला गेले नाही. खाली आई खोकत होती, पती दौऱ्यावर होते, आणि ‘दडलेली भोके आता उघडी पडत आहेत’ हे वाक्य त्या वेळी मला पटले. माझ्या जागी कोणी असते तर त्यालाही पटले असते, असे मी स्वतःला सांगते. मग त्या साली आठवतात.

संध्याकाळी आकडा 71 वर गेला. 71 गुणिले 650 म्हणजे 46,150. त्यात ‘ताईंसाठी’ 4,150 रुपयांची सूट, म्हणजे 42,000. त्यावर दहा वर्षांच्या वॉरंटी कार्डाचे 3,500 आणि या 45,500 वर 18 टक्के जीएसटी 8,190, असे 53,690 रुपये झाले. त्यांपैकी 20,000 रोख आणि 33,690 यूपीआयने दिले; पाहणीचे 499 धरून एकूण 54,189. पैसे पाठवताना मोबाइलवर संस्थेचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले, तिथेही मी थांबले नाही. हाताने लिहिलेल्या पावतीवर जीएसटीची रक्कम होती, पण 15 अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक नव्हता. हा क्रमांक नसेल तर कराच्या नावाने एक रुपयाही देऊ नका; असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो तिथल्या तिथे तपासा.

बाराव्या दिवशी भुंगे परत आले. मी आमच्या नेहमीच्या वाढईंना, म्हणजे सुतारांना, बोलावले. त्यांनी वाशावरून हात फिरवला आणि म्हणाले, “ताई, हे भुंग्याचं काम नाही, मशीनचं आहे. भुंग्याची नऊच आहेत.” आत सोडलेल्या पांढऱ्या दुधाळ औषधाला फिनाइलचा वास येत होता. संध्याकाळी भुंगे आत शिरल्यावर बिळात कीटकनाशकाची भुकटी घालणे, काही दिवसांनी हालचाल थांबल्यावर लाकडी खुंटी ठोकून लांबी (पुट्टी) भरणे आणि सगळ्या बाजूंनी ऑइल पेंट देणे, एवढाच खरा उपाय आहे. भुंगा जिवंत असताना भोक बुजवले तर तो दुसरीकडून पोखरून बाहेर येतो. नऊ भोकांचे काम सातशे रुपयांत झाले असते, असे वाढई म्हणाले. 71 भोके बुजवायला मला 6,800 रुपये लागले. वासे शेवटी भुंग्यांनी नव्हे, तर ड्रिलने कमकुवत केले.

यानंतर जे सोसले ते पैशांपेक्षा जड गेले. पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्यांदा सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत आणि काम तर झाले आहे, म्हणजे ही दिवाणी बाब आहे. तिसऱ्यांदा एका तरुण अंमलदाराने ‘भुंग्यांसाठी चोपन्न हजार?’ असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले आणि बाकावर बसलेले लोक हसले. चौथ्यांदा अर्जावर आवकचा शिक्का मिळाला, तोही मी उठणार नाही म्हटल्यावर. औषध फवारणाऱ्यांच्या परवान्याशी संबंधित एका कार्यालयात गेले तर ‘भुंगे आमच्याकडे येत नाहीत’ असे उत्तर मिळाले. मी भुंग्यांची तक्रार घेऊन गेले नव्हते, परवान्याची घेऊन गेले होते. कीटकनाशक अधिनियम, 1968 अन्वये व्यवसाय म्हणून अशी फवारणी करायला परवाना लागतो, आणि तो आहे की नाही एवढेच मला जाणून घ्यायचे होते. टेबलामागच्या गृहस्थांनी मला दुसऱ्या इमारतीत पाठवले, दुसऱ्या इमारतीने पुन्हा त्यांच्याकडे पाठवले, आणि एप्रिलच्या उन्हात, 43 अंशांत, मी त्या दोन इमारतींमध्ये तीन फेऱ्या मारल्या. बँकेने व्यवहार तुमच्याच संमतीने झाला असे लेखी कळवले. फसवणारा एकदा फसवतो. पण प्रत्येक खिडकीवर उभे राहून आपण कसे फसलो हे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर आपलीच चूक वाचावी लागते.

म्हणून तोंडी काही सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. ठाण्यात नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार वरिष्ठांकडे टपालाने पाठवता येते. मी तशी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. औषधाचा डबा सीलबंद स्थितीत स्वतः पाहा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा विषदर्शक चौकोन असतोच. माझ्याकडे आलेले औषध पाण्याच्या बाटलीत होते. आणि काम चालू असताना माडीवर उभे राहा, कोणी कितीही खाली जा म्हटले तरी.

पावतीवरच्या पत्त्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. त्या दुकानदारालाही यातले काही माहीत नाही. ग्राहक आयोगातील तक्रारीसाठी मी कागद जमवत आहे. खडूचे आकडे न पुसता 1 ते 71 सगळ्या भोकांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत, आणि दिनदर्शिकेचे मार्चचे पान फाडून त्याच फायलीत लावले आहे. गल्लीतील दुसऱ्या घरच्या काकाजींकडून याच लोकांनी 31,200 रुपये घेतले आहेत आणि ते माझ्यासोबत तक्रार करायला तयार झाले आहेत. नागपुरात आणखी कोणाकडे भुंग्यांच्या नावाने दिलेले हिरव्या रंगाचे, दहा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड असेल, तर ते फेकू नका आणि लाजेपोटी गप्प बसू नका. कार्डाची मागची बाजू पाहा. आमच्या दोन्ही कार्डांवर एकच अनुक्रमांक छापलेला आहे.