चव्वेचाळिसाव्या वर्षी घेतलेली गिटार : अकरा महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात मी अकूस्टिक गिटार घेतली. खरेदीआधी लोकांचे अनुभव भरपूर वाचले, पण बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यात लिहिलेले. आवाज गोड, पॉलिश छान, पैसे वसूल. मला हवं होतं ते वेगळंच. नोकरी करणारं, आधी कुठलंच वाद्य न शिकलेलं माणूस पाचव्या-सहाव्या महिन्यातही गिटार हातात घेतं का, आणि घेत असेल तर कशाच्या बळावर? त्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. दुकानात मोठ्या अंगाची ड्रेडनॉट मांडीवर घेतली, तर उजवा हात खांद्यापाशी अवघडला. मग कॉन्सर्ट आकाराची, जरा लहान अंगाची घेतली. बॅगेसकट ९,८०० रुपये. वरची फळी स्प्रूस लाकडाची, लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या फळीचा आवाज अधिक भरीव असतो हे खरं, पण दमट हवेत लॅमिनेट कमी हलतं आणि आम्ही राहतो डोंबिवलीत. पावसाळ्यात मी गिटार बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवली, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसल्या. एवढं पुरलं.

पहिले तीन आठवडे डाव्या हाताची बोटं इतकी दुखायची की भाजी चिरताना टोकं जाणवायची. हे सगळ्यांचंच होतं आणि महिन्याभरात घट्टे पडून थांबतं. माझं मात्र थांबेना. सी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा सी नावाचा गट, धरली की दोन तारा मुक्या. मला वाटलं, माझी बोटंच आखूड, वय झालेलं, हे आपल्या नशिबात नाही. फेब्रुवारीत तर सलग १९ दिवस मी बॅगेची चेन उघडली नाही.

मग एका ओळखीच्या वादकाने बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, मोजपट्टी लावून तारेची उंची मोजली. जाड ई तार साडेतीन मिलिमीटर वर होती, आणि मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या नटच्या खाचाही उथळ होत्या. दाबायला जोर लागत होता तो त्यामुळे. त्याने सांगितलेल्या कारागिराकडे नेली. कारागिराने मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, जुळवली, खाचा खोल केल्या, दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती सॅडल खालून घासली. उंची आली अडीचच्या आसपास. १२ नंबरच्या जाड तारा काढून ११ नंबरचा जरा बारीक संच घातला. तारांसकट १,५०० रुपये झाले. संध्याकाळी घरी येऊन सी धरली आणि पाचही तारा बोलल्या. मी ती कॉर्ड किती वेळ नुसती वाजवत बसले ते सांगता येणार नाही. दोन महिने मी स्वतःला बोल लावत होते आणि दोष तारांच्या उंचीत होता, याचं मला आजही वाईट वाटतं. नवी गिटार घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की या जुळवणीचे, म्हणजे सेटअपचे, पैसे किमतीतच धरा. तोवर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून ठेवल्या तरी ताण ११ टक्क्यांनी कमी होतो आणि बोटांना सुटका मिळते.

दुसरा फरक पडला स्टँडमुळे. ६०० रुपयांचा साधा लोखंडी स्टँड, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी. बॅग कपाटावरून काढा, चेन उघडा, ट्यूनर शोधा, या खटाटोपात रात्री साडेनऊला जीव नको होतो. आता क्लिपचा ट्यूनर मानेलाच अडकवलेला असतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतही हात फिरवता येतो, आणि माझा निम्म्याहून जास्त सराव असाच झाला आहे.

क्लासचा अनुभव थोडक्यात. तीन महिने गेले. शिकवणारे मनापासून शिकवत, पण बॅचमध्ये बाकी सगळी शाळकरी मुलं आणि वेग त्यांचा. एखादा शनिवार ऑफिसमुळे बुडला की मी दोन धडे मागे. क्लास सोडला आणि जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे मोफत धडे धरले. त्यातला एक मिनिटाचा सराव मला फार मानवला. दोन कॉर्ड घ्यायच्या, घड्याळ लावायचं, मिनिटात किती वेळा बदलता येतात ते मोजायचं. सी ते जी माझं पहिल्या दिवशी ११ झालं. वहीत आकडा लिहिला. तीन आठवड्यांनी २८, जूनमध्ये ५२. ज्या दिवशी वाटे की काहीच जमत नाही, त्या दिवशी वही उघडायची.

तरीही खरं सांगायचं तर आकड्यांवर मी जुलैपुढे गेले नसते. मला टिकवलं बाबांनी.

बाबा ७६ वर्षांचे, आमच्याकडेच राहतात. पूर्वी भजनी मंडळात गायचे. मंडळ मोडलं, पेटी कुणाला तरी देऊन टाकली, गाणंही थांबलं. एका रविवारी मी सी आणि ए मायनर घोटत होते. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काळी एक मिळेल का गं यावर?"

मला उत्तर देता येईना. मग शोधलं. पेटीची काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर सा, गिटारच्या भाषेत सी शार्प. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावला आणि सीचाच आकार धरला की काळी एक मिळते. इतकं सोपं! पाच मिनिटांत ते भूप रागातला अभंग गायला लागले. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि मला येणाऱ्या सी आणि ए मायनर या दोन कॉर्डमधले सगळेच्या सगळे स्वर भूपातले. म्हणजे चुकीच्या वेळी कॉर्ड बदलली तरी रागाबाहेरचा स्वर लागत नव्हता. बाबांना मी आठ-नऊ वर्षांनी गाताना ऐकलं. त्यांचा आवाज कापत होता, पण सूर जागेवर होता.

त्या दिवसापासून सरावाला वेळ काढावा लागला नाही. रात्री जेवणं झाली की तेच विचारतात, "बसायचं का?" स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून तालात हात फिरवणं, तेही त्यांच्यामुळे सुटलं. 'खाली, खाली, वर' मोजून माझा हात अडखळायचा. ते मांडीवर केरवा ताल धरतात, धा गे न ति, न क धि न, आणि माझा हात आपोआप त्यावर जातो. दादऱ्याच्या सहा मात्रा अजून घाईत येतात. बाबा थांबतात, पुन्हा समेवर घेतात. कधी रागावत नाहीत.

काय जमत नाही, तेही सांगते. एका बोटाने सगळ्या तारा दाबायची एफची पूर्ण बार कॉर्ड अकरा महिन्यांनंतरही स्वच्छ येत नाही. बारीक चार तारांचा छोटा एफ वाजवून भागवते. एकटीने गात वाजवणं अवघड जातं. तारा छेडायच्या पिकपेक्षा अंगठ्याने वाजवलेलं बरं वाटतं. बाबांच्या आवाजाखाली तेच शोभतं.

कुणी विचारलं तर हीच गिटार घ्या म्हणेन, पण १२,५०० चं गणित मांडून. सेटअप, तारा, स्टँड, कॅपो त्यातच बसवा. आणि घरात कुणी गाणारं असेल, भले त्याने गाणं सोडलेलं असो, तर त्याची पट्टी पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

परवा बाबांनी मालकंस राग काढला आणि मला साथ करता आली नाही. काल रात्री कागदावर स्वर मांडून बसले. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, आकार ई मायनर आणि जी. काळी एकच्या मालकंसाबाहेरचा एकही स्वर त्यात नाही, आणि ई मायनर ते जी हा बदल तर मला मिनिटात ६० वेळा येतो. बाबा तोवर झोपले होते. आज जेवणं झाली की त्यांना सांगणार आहे.