फोटोकॉपी, रिव्हॅल आणि लोकपाल : विद्यापीठाच्या तक्रार निवारण सेवेचे परीक्षण

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विषयात मला ८० पैकी २१ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी ३२ लागतात. तेथपासून दुरुस्त गुणपत्रिका हाती येईपर्यंत सहा महिने गेले आणि तेवढ्या काळात निकालाविरुद्ध दाद मागण्याच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीसमोर मी उभी राहिले. ही खिडक्यांची साखळी म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्यांना शुल्क घेऊन किंवा विनाशुल्क दिलेली एक सेवाच आहे, म्हणून तिच्याकडे सेवा म्हणूनच पाहिले आहे. विद्यापीठ महाराष्ट्रातील एक सरकारी विद्यापीठ आहे. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण इतर विद्यापीठांतील मित्रमैत्रिणींचे अनुभवही फार वेगळे नाहीत.

या सगळ्या साखळीतील सर्वांत चांगली आणि पैसे वसूल होणारी गोष्ट म्हणजे उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी. अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, आणि अकराव्या दिवशी पीडीएफ लॉगिनमध्ये आली. बहुतेक विद्यार्थी ती उघडतात, तपासनीसाने कोठे कमी गुण दिले ते पाहून चिडतात आणि मिटवून टाकतात. वाचण्याची रीत वेगळी आहे. आधी मुखपृष्ठावरील प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता आतल्या गुणांशी ताडून पाहावा, मग बेरीज करावी, मग एखादे उत्तर अजिबात न तपासता राहिले आहे का ते पाहावे आणि शेवटी पुरवण्या मोजाव्यात. माझ्या मुखपृष्ठावर माझ्याच अक्षरात ‘पुरवण्या : २’ असे लिहिले होते आणि शेजारी पर्यवेक्षकांची सही होती. पीडीएफमध्ये मात्र एकच पुरवणी होती. दुसऱ्या पुरवणीत दोन पूर्ण प्रश्न सोडवलेले होते.

उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासण्याच्या पद्धतीत असे होऊ शकते, हे मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या निकालांनंतर कोणालाही नव्याने सांगावे लागू नये. त्या वर्षी तेथे याच पद्धतीच्या गोंधळात कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटूनही निकाल लागत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले.

फोटोकॉपीच्या अर्जाची मुदत चुकलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. परीक्षार्थीची स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील ‘माहिती’च आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि प्रतीचे पानामागे २ रुपये. मात्र उत्तरपत्रिका जपून ठेवण्याचा विद्यापीठाचा कालावधी संपला की हा हक्कही संपतो, त्यामुळे पुढच्या सत्रापर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

पुनर्मूल्यांकनाविषयी, म्हणजे आपण सगळे ज्याला रिव्हॅल म्हणतो त्याविषयी, माझे मत तितके चांगले नाही. सात आठवड्यांनी उत्तर आले ते दोन शब्दांचे : ‘बदल नाही’. दुसऱ्या परीक्षकाला तेच अपुरे स्कॅन दिसले असणार, मग त्याला तरी दुसरे काय दिसणार? कारण देण्याची पद्धत नाही, आणि अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा यांना तर रिव्हॅल लागूच नाही. येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा जन्मसिद्ध हक्क नाही. नियमांत तरतूद असेल तेवढेच ते मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. उत्तर चांगले लिहिले असूनही गुण कमी दिले, एवढीच तक्रार असेल तर रिव्हॅल हे शेवटचे स्थानक आहे असे समजून चालावे. माझी तक्रार तशी नव्हती. उत्तर कमी दर्जाचे ठरले नव्हते, ते कोणी पाहिलेच नव्हते.

परीक्षा विभागाच्या खिडकीवर हा फरक पोहोचवणे फार अवघड गेले. “अगं, रिव्हॅल झालंय ना तुझं? मग आता केटीचा फॉर्म भर,” असे तेथील बाईंनी मला तीन वेळा सांगितले, आणि तिन्ही वेळा अगदी प्रेमाने सांगितले. मी केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा देण्याचा, फॉर्म भरला, कारण वर्ष वाया घालवण्याची हिंमत नव्हती. पण त्याबरोबरच लेखी तक्रारही दिली आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घेतली. ऑनलाइन तक्रार केली तर तिच्या क्रमांकाचे चित्र जपून ठेवावे; पुढे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य आणि गुणवत्तेवर नेमलेला एक विद्यार्थी विशेष निमंत्रित, अशी तिची रचना आहे. तक्रार आल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यावा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला मिळावी, अशी अपेक्षा आहे. माझ्या बाबतीत ४१ दिवस लागले. सुनावणी दहा मिनिटांची झाली, वागणूक सौजन्याची होती, पण निष्कर्ष निराशाजनक निघाला : पुनर्मूल्यांकन नियमानुसार झालेले असल्याने हस्तक्षेपाचे कारण नाही. पुरवणीचा उल्लेख अहवालात कोठेही नव्हता. दोष काही अंशी माझाही होता. मी दिलेला अर्ज दोन पानांचा होता आणि त्यातील दीड पान मी किती अभ्यास केला होता, घरची परिस्थिती काय आहे आणि कसा अन्याय झाला यावर खर्च झाले होते. पुरवणी शेवटच्या परिच्छेदात आली होती.

समितीच्या निर्णयाविरुद्ध तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अपील अधिकाऱ्यांकडे, अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, दीर्घ अनुभवाचे निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांनी अपील ३० दिवसांत निकाली काढावे, असे विनियम सांगतात. कागदावर उत्तम, प्रश्न लोकपाल सापडण्याचा. त्यांची माहिती संकेतस्थळावर ठळकपणे देणे बंधनकारक असताना आमच्याकडे ती एका जुन्या परिपत्रकाच्या तिरप्या स्कॅनमध्ये सापडली. तरी आमच्याकडे लोकपाल होते हेच नशीब म्हणायचे, कारण जून २०२४ मध्ये आयोगाने लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादीच जाहीर केली होती.

लोकपालांच्या अधिकाराला एक मर्यादा आहे आणि ती आधी वाचल्याशिवाय अर्ज करू नये. उत्तरपत्रिका पुन्हा तपासा किंवा गुण वाढवा, अशी मागणी ते ऐकत नाहीत. निकालावर खरोखर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवले, तरच ते गुणांच्या प्रकरणात हात घालू शकतात. माझ्या एका वरिष्ठ मैत्रिणीने जुना अर्ज बाजूला ठेवायला लावला आणि नवा अर्ज अर्ध्या पानात बसवला. आसन क्रमांक, विषय, परीक्षेची तारीख, मुखपृष्ठावर नोंदलेल्या पुरवण्या दोन, स्कॅनमधील पुरवणी एक, दोन्ही पानांच्या प्रती सोबत, आणि मागणी एकच : दुसऱ्या पुरवणीचा शोध घेऊन ती तपासावी. ‘अन्याय’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता. अपील बाराव्या दिवशी गेले.

सुनावणी व्हिडिओवर झाली. लोकपालांनी माझ्याशी पाच मिनिटे आणि परीक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांशी त्याहून बराच अधिक वेळ बोलून, त्या दिवशी परीक्षा केंद्रावर वाटलेल्या पुरवण्यांची नोंदवही मागवली. पुरवणी सापडली, ती दुसऱ्या गठ्ठ्यात बांधली गेली होती. २६ दिवसांत आदेश आला, तिसऱ्या परीक्षकाने ती तपासली आणि २१ चे ३८ झाले.

सेवा म्हणून क्रम लावायचा तर फोटोकॉपीला पाचपैकी साडेचार, लोकपालांना चार, समितीला दोन आणि रिव्हॅलला दीड गुण देईन. लोकपालांचा एक गुण त्यांच्या कामाबद्दल नव्हे, त्यांचा पत्ता लपवल्याबद्दल कापला आहे. वेळेचा हिशेब मात्र सगळ्यांच्याच विरुद्ध जातो, कारण दुरुस्त निकाल येण्याआधी मी केटीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. त्या परीक्षेचे शुल्क परत मिळावे म्हणून केलेल्या अर्जाला ‘तशी तरतूद नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. त्यावर समितीकडे अर्ध्या पानाची नवी तक्रार दिली आहे आणि तिचे १५ कामकाजाचे दिवस येत्या शुक्रवारी संपतात.