रंगीत हिरा ऑनलाइन घेताना: नैसर्गिक की रंग चढवलेला?
स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, आणि त्याचं कारण प्रमाणपत्रावरच्या एका ओळीत असतं: रंगाचा उगम. तिथे 'नॅचरल' लिहिलंय की 'ट्रीटेड', हे आधी वाचा. फोटोवर नंतर भाळा.

नैसर्गिक हिऱ्यात पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, निळा बोरॉनमुळे. गुलाबी रंग येतो तो जमिनीखालच्या दाबाने स्फटिकाची रचना मुरडल्यामुळे. बहुतांश गुलाबी हिरे देणारी ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे असे खडे आणखी दुर्मीळ झाले. पुढे विकायचा विचार असेल तर नैसर्गिक रंगाचाच घ्यावा. तरी घेतलेली किंमत परत मिळेलच असं नाही. विकत घेणारा व्यापारी स्वतःचा नफा धरूनच भाव सांगतो.

रंग चढवलेला हिराही खराच हिरा असतो. किरणोत्सर्ग आणि उष्णता वापरून त्याला हिरवी, निळी किंवा पिवळी छटा देतात. रोज बोटात मिरवायला उत्तम, खिशालाही परवडणारा. पण अंगठी दुरुस्तीला दिली तर सोनाराला आधी सांगा, झोतदिव्याच्या आचेने अशा हिऱ्याचा रंग बदलू शकतो. नुसता लेप दिलेला असेल तर तो ओरखडतो. त्याच्या वाटेला मी तरी जाणार नाही. रंग चढवलेला कुठलाही हिरा विकायला गेलात की भाव फारच पडतो.

दोन्हींत एक काम सारखंच: हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असेल, तर दहापट भिंगातून वाचून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरच्या अहवालाशी जुळवा. परतीची मुदत संपायच्या आत.