जुन्या शिडाच्या होडीला नवा हॅच: नऊ महिन्यांचा अनुभव

आमची होडी २४ फुटी, फायबरची, १९८० च्या दशकातली. निम्मं आयुष्य मुंबईच्या खाऱ्या पाण्यात गेलं, मग आम्ही तिघा मित्रांनी तिला नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या गोड्या पाण्यात आणली. मे महिन्यात तिचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा हॅच बदलला. हॅच म्हणजे डेकमधल्या (होडीच्या वरच्या पृष्ठभागातल्या) भोकावरची चौकट आणि तिचं उघडझाप होणारं झाकण.

जुन्याच्या ॲक्रिलिकला (झाकणाच्या काचेसारख्या प्लास्टिकला) जाळीसारख्या बारीक भेगा होत्या, रबर कडक झालेलं, आणि आधीच्या मालकांनी वरून सिलिकॉनचे थर थापलेले. नुसतं ॲक्रिलिक बदलून भागलं असतं, पण ॲल्युमिनियमची चौकट बिजागरीपाशी पांढरा भुगा होऊन खाल्ली गेली होती. म्हणून २० इंची तयार हॅचच मागवला.

विक्रेता म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम. आम्हाला पाच रविवार लागले. जुनी चौकट निघाली आणि डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड दिसलं, भिजवलेल्या पोह्यांसारखं! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. चांगलं असेल तिथे टणटण, कुजलं असेल तिथे भद्द. कडेनं दोन-अडीच इंच खरवडलं, आठवडाभर पंख्याखाली वाळवलं आणि घट्ट इपॉक्सी (वाळल्यावर टणक होणारं रेझिन) भरलं. स्क्रूची भोकंही आधी मोठी पाडून इपॉक्सीनं बुजवली आणि नवी भोकं त्यातच पाडली, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडाला शिवणार नाही.

मग कळलं की डेकला बाक आहे. सपाट चौकट ठेवली की दोन बाजूंना ४ मिमीची फट! स्क्रू आवळले तर चौकट बसते खरी, पण पिळवटते आणि झाकण रबरावर नीट टेकत नाही. चौकटीच्या बुडाला इपॉक्सी चिकटू नये म्हणून पॅकिंग टेप लावली आणि तिचाच साचा करून इपॉक्सीची सपाट बैठक ओतली. त्यावर ब्यूटाइल टेप, म्हणजे फट बुजवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी. शेवटी रबरावर खडू फिरवून झाकण लावलं. चारी बाजूंनी सलग रेघ उमटली तेव्हा जीव भांड्यात पडला.

पावसाळ्यात होडी काठावर ट्रेलरवर, उघड्यावर होती. जुलैत एकदा आत बिछान्यावर थेंब दिसले. हॅचला शिव्या घालून झाल्या. दोन तास पाइपनं पाणी मारल्यावर चोर सापडला. पाणी हँडरेलच्या स्क्रूमधून येत होतं आणि आतल्या अस्तरामागून वाहत हॅचच्या कोपऱ्यात टपकत होतं. "काय भो, उगाच गरिबाला बदनाम केलं," मित्र म्हणाला. हॅच आजवर थेंबभरही गळलेला नाही.

तक्रारी आहेतच. झाकण अर्धवट उघडं धरून ठेवणारी बिजागरी सहा महिन्यांत सैल झाली. वारा आला की धाडकन आदळतं, महिन्यातून एकदा आवळावी लागते. धुरकट ॲक्रिलिकखाली मेच्या उन्हात केबिनची भट्टी होते, म्हणून पांढऱ्या कॅनव्हासचं आवरण शिवून घेतलं. पुतण्या काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे घेऊन आला होता, त्याचा हात धरला. त्यानं ॲक्रिलिकला भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

परवा हँडरेलच्या आजूबाजूला मूठ ठोकून पाहिली. भद्द. येत्या मेचे रविवार ठरले.